सॉकेट पुन्हा पुन्हा जळतंय? नवीन आणण्याआधी एक भागाकार करा

पाऊस सुरू झाला की मला बेळगावातल्या वडगाव, अनगोळ, शहापूर, कधी खानापूरहूनही एकाच छापाचे फोन येतात. "गिझरचं सॉकेट सारखं जळूलालंय ओ. हे तिसरं." नवीन बसवलं की तीन-चार महिने बरं चालतं. मग प्लास्टिक पिवळं पडतं, मग तपकिरी, आणि एके दिवशी न्हाणीघरातून जळका वास येतो. फोन करणाऱ्याकडे निदानही तयार असतं. कुणी म्हणतो करंट जास्त येतोय, कुणी म्हणतो करंट कमी पडतोय.

पहिला घोळ तिथेच. आपल्या भागात करंट म्हणजे वीज. "करंट गेला", "करंट आला काय?" हे जितकं कानडी बोलणाऱ्याचं तितकंच आपलं. आणि दिवा मिणमिणायला लागला की "करंट कमी आहे" म्हणणाऱ्याला खरं तर व्होल्टेज कमी आहे असं म्हणायचं असतं. बोलताना चालतं, हिशेबाला बसलं की चालत नाही. म्हणून इथून पुढे करंट म्हणजे तारेतून वाहणारे अँपिअर. व्होल्टेज म्हणजे दोन टोकांमधला फरक. कोणती दोन टोकं, हे दरवेळी विचारायचं. निम्मे लोक चुकतात ते हे न विचारल्यामुळे.

गेल्या पावसाळ्यातलं वडगावचं एक घर सांगतो. खाली माग, वर राहणं. १५ लिटरचा २००० वॅटचा गिझर आणि दोन वर्षांत चौथं सॉकेट. दुकानात कुणीतरी घरच्या मावशींना सांगितलं होतं की गिझरच वीज जास्त खेचतोय, बदलून टाका. त्या मला म्हणाल्या, "बाळा, नवीन घ्यायचा असला तर आत्ताच सांग, दसऱ्याआधी पैसे नाहीत."

"मावशी, आधी हिशेब करूया. त्याला पैसे लागत नाहीत."

गिझरच्या पाटीवर दोन आकडे असतात, २००० वॅट आणि २३० व्होल्ट. वॅटला व्होल्टने भागलं की अँपिअर: २००० ÷ २३० = ८.७. व्होल्टला अँपिअरने भागलं की ओहम: २३० ÷ ८.७ = २६.४. म्हणजे कॉइलचा रोध साधारण साडेसव्वीस ओहम असायला हवा. गिझर 'जास्त खेचत' असेल तर हा रोध घटलेला असणार, आणि ते लपत नाही. अँपिअर चढलेले दिसतात.

टाकीतलं पाणी गार असताना गिझर लावला आणि लागोपाठ तीन आकडे घेतले. एमसीबीवर, म्हणजे बोर्डातल्या आपोआप पडणाऱ्या स्विचवर, २२४ व्होल्ट. गिझरच्या आतल्या टर्मिनलवर २१५ व्होल्ट. टाँग टेस्टरवर (तारेभोवती चिमटा धरून करंट मोजणारा मीटर) ८.४ अँपिअर.

२१५ ÷ ८.४ = २५.६ ओहम. पाटीवरून काढलेल्या २६.४ च्या जवळच, म्हणजे कॉइल ठणठणीत. २१५ × ८.४ = १८०६ वॅट, म्हणजे पाटीवरच्यापेक्षा कमीच. मावशींचे गिझरचे पैसे वाचले.

आता मधले ९ व्होल्ट. २२४ निघाले, २१५ पोचले. करंट मात्र सगळीकडे तोच ८.४, कारण वाट एकच आहे. ९ ÷ ८.४ = १.०७ ओहम. ९ × ८.४ = ७५.६ वॅट. पूर्वी घरोघरी असायच्या त्या पिवळ्या ७५ वॅटच्या बल्बएवढी उष्णता एमसीबी ते गिझर या वाटेवर कुठेतरी निघत होती. तो बल्ब चालू असताना कधी चुकून हात लागलेला असेल तर पुढचं सांगायला नको.

यात तारेचा वाटा किती, तेही काढता येतं. २.५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला ७.४ ओहमच्या आसपास असतो. एमसीबीपासून सॉकेट १२ मीटरवर, म्हणजे जाऊन-येऊन २४ मीटर. ०.०२४ × ७.४ = ०.१८ ओहम, आणि ८.४ अँपिअरला त्यावर दीड व्होल्ट पडणार. हे रास्त आहे. शिवाय ती उष्णता २४ मीटरवर पसरते, तार कोमटसुद्धा लागत नाही. उरले साडेसात व्होल्ट. तारेच्या हिशेबात ते बसत नाहीत, म्हणजे ते जोडात आहेत.

मग एकेका जोडाच्या अलीकडे-पलीकडे मीटरचे प्रोब धरत गेलो. एमसीबीवर ०.२ व्होल्ट. स्विचवर ०.३. कॉर्ड आणि गिझरच्या टर्मिनलमध्ये मिळून ०.२. न्यूट्रलच्या पिनेवर १.२. फेजच्या पिनेवर ५.६. बेरीज साडेसात. बेरीज अशी तंतोतंत जमली की मला अजूनही शाळेतल्यासारखा आनंद होतो.

५.६ × ८.४ = ४७ वॅट. रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातली साधी सोल्डरिंग आयर्न २५ वॅटची असते आणि ती कथील वितळवते. इथे तशा जवळपास दोन आयर्न एका पितळी पकडीत बसवल्यासारखं झालं होतं, आणि चारी बाजूंनी प्लास्टिक. सॉकेट जळणारच.

"मग एमसीबी का पडत नाही?" हा प्रश्न मावशींच्या मुलाने विचारला आणि तो बरोबर होता. एमसीबी पडतो तो करंट मर्यादेबाहेर गेल्यावर. लूज जोडामुळे वाटेतला रोध वाढतो, म्हणजे करंट उलट घटतो. १६ अँपिअरच्या एमसीबीला ८.७ च्या जागी ८.४ दिसतात. त्याच्या लेखी सगळं छान चाललंय. आरसीसीबीही (करंट जमिनीत गळला की पडणारा स्विच) पडणार नाही, कारण फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलने पूर्ण परत येतोय, जमिनीत गळत नाही. फार तर भिंत काळी झाल्यावर कळेल.

आता तो कॉलेजच्या पोरांचा हमखास प्रश्न. काका, पुस्तकात वॅट = व्होल्टचा वर्ग ÷ ओहम असं आहे. मग जोडाचा रोध वाढला तर उष्णता कमी व्हायला पाहिजे, वाढते कशी? एकाने तर हिशेब करूनच पाठवला होता: फेजच्या पिनेचा रोध ५.६ ÷ ८.४ = ०.६७ ओहम, म्हणून २२४ × २२४ ÷ ०.६७ = जवळपास ७५ हजार वॅट. पिनेवर एवढी शक्ती खर्च झाली असती तर भिंतीसकट सॉकेट उडालं असतं. चूक गुणाकारात नाही. चूक २२४ घेण्यात आहे. हे २२४ व्होल्ट त्या पिनेच्या दोन टोकांमध्ये नाहीतच, तिथे आहेत ५.६. ५.६ × ५.६ ÷ ०.६७ करा, तेच ४७ येतात.

पण त्याच्या प्रश्नात दम होता, म्हणून जरा थांबतो. सूत्रं दोन्ही खरी आहेत, वर्गित व्होल्ट भागिले ओहम आणि वर्गित अँपिअर गुणिले ओहम. विचारायचं एवढंच की त्या जागी कायम काय राहतं. गिझरला मिळणारं व्होल्टेज जवळजवळ कायम आहे, म्हणून तिथे रोध कमी तर वॅट जास्त. लूज पिनेतून वाहणारा करंट मात्र ती पीन ठरवत नाही, तो पलीकडची साडेपंचवीस ओहमची कॉइल ठरवते. पीन दुप्पट बिघडून १.३३ ओहमची झाली असती तरी अख्ख्या वाटेचा रोध २६.७ वरून २७.३ झाला असता आणि करंट ८.४ वरून ८.२ वर आला असता, बस. उष्णता मात्र ८.२ × ८.२ × १.३३, म्हणजे नव्वदच्या घरात. करंट जागचा हलत नाही आणि रोध वाढेल तशी पीन तापत जाते.

सॉकेट 'पुन्हा पुन्हा' जळण्याचं कारणही यातच आहे. पीन तापली की सॉकेटमधल्या पितळी पकडीचा ताण जातो, ती सैल होते. तापलेल्या पितळेवर काळा थर धरतो. दोन्हींनी रोध वाढतो, म्हणून ती आणखी तापते. आमच्याकडे पावसाळ्यात महिनोन् महिने भिंती ओलसर, खानापूर-जांबोटीकडे तर विचारूच नका. वडगावात त्यात मागांच्या धाग्यांची भुकटी बोर्डात शिरते. याने सगळं लवकर होतं, पण मूळ कारण सैल पकड. आणि वायरमन येतो तो काय बदलतो? फक्त सॉकेट. थ्री-पिन टॉप, म्हणजे प्लग, जुनाच, काळ्या पडलेल्या पिनांचा. भिंतीतल्या तारेचं जळकं, ठिसूळ टोक तसंच नव्या स्क्रूखाली. म्हणजे रोगाचं बी नव्या सॉकेटमध्ये पेरूनच तो घरी जातो.

मी काय केलं ते थोडक्यात. मेन बंद केला. तारेचं जळकं टोक चांगली लाल तार दिसेपर्यंत मागे कापलं. टॉप टाकून दिला. पिना पॉलिश पेपरने घासून वापरण्याचा मोह होतो, पण तापून गेलेली पीन पुन्हा तशीच होते. १६ अँपिअरचं सॉकेट आणि त्याच मापाचा टॉप घेतला, गणपत गल्लीतल्या कोणत्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो. तारांच्या टोकांना लग (धातूची टोपी) क्रिम्प करून, म्हणजे दाबून बसवून, स्क्रू घट्ट आवळले, तार हलकी ओढून पाहिली. मग पुन्हा गिझर लावला. एमसीबीवर २२४, गिझरवर २२२, करंट ८.७. फेजच्या पिनेवर ०.२ व्होल्ट, म्हणजे पावणेदोन वॅट. गिझरला आता १९३० वॅटच्या आसपास मिळत होते, पाणीही थोडं लवकर तापायला लागलं.

वीजबिलात मात्र फरक शोधू नका. पाऊणशे वॅट रोज अर्धा तास धरले तरी महिन्याला सव्वा युनिट होत नाही. कर्नाटकातल्या गृहज्योती या फुकट विजेच्या योजनेच्या मर्यादेत बसणाऱ्या घराला ते जाणवणारही नाही. धोका आगीचा आहे, पैशाचा नाही.

मोजताना होणाऱ्या चुका

हे सगळं चालू लाइनवरचं मोजमाप आहे. ओल्या फरशीवर, ओल्या हाताने, उघड्या बोर्डाशी हे करायचं नाही. अनुभव नसेल तर वायरमनला बोलवा, पण आकडे स्वतः कागदावर लिहून घ्या. आकडे मागितले की काही वायरमन चिडतात. चिडू द्यात.

"मल्टिमीटर ओहमवर लावून सॉकेट तपासलं, शून्य दाखवतंय, म्हणजे चांगलं आहे" हे वाक्य मी शंभरदा ऐकलंय. त्या ओहमच्या रेंजवर मीटर जोडातून अगदी नगण्य करंट सोडतो. शिवाय प्रोबच्या वायरींचाच रोध ओहमच्या काही दशांशांएवढा असतो. त्यात आपल्याला शोधायचे ०.६७ ओहम कुठे दिसणार? हातगाडी जाते म्हणून त्या पुलावरून उसाचा ट्रॅक्टर जाईलच असं नाही. जोडातून खरा करंट वाहत असताना त्याच्यावरचं व्होल्टेज मोजायचं आणि भागायचं, दुसरी खात्रीची पद्धत घरी शक्य नाही.

टाँग टेस्टर शून्य दाखवत असेल तर तुम्ही तो अख्ख्या कॉर्डभोवती लावलाय. फेजचा करंट जातो, न्यूट्रलचा परत येतो, दोघांची वजाबाकी होते. एकच तार चिमट्यात घ्या. साधा मल्टिमीटर असेल तर लाल प्रोब अँपिअरच्या भोकात ठेवून व्होल्टेज मोजायला जाऊ नका, तो सरळ शॉर्ट आहे. मीटरचा फ्यूज उडाला तर नशीब समजा.

आणि सगळे आकडे एकाच मिनिटात घ्या. सकाळी सातला एमसीबीवरचं व्होल्टेज आणि दहा वाजता गिझरवरचं, अशी वजाबाकी निरर्थक आहे, कारण लाइनचं व्होल्टेज दिवसभर खालीवर होत असतं. ही अडचण ज्याच्या नावाचं हे एकक आहे त्या खुद्द गेऑर्ग ओहमलाही आली होती. त्या काळातल्या बॅटरीचं व्होल्टेज वापरता वापरता उतरायचं आणि मोजमापं जुळायची नाहीत. शेवटी त्याने बॅटरी सोडून तांबं आणि बिस्मथ जोडून, एक टोक गरम आणि एक गार ठेवून स्थिर व्होल्टेज मिळवलं, तेव्हा कुठे नियम हाती लागला. १८२७ साली त्याने तो पुस्तकात छापला. तो शाळेत शिकवणारा माणूस. आपल्याकडे तर दोन मीटर असले की झालं. एक एमसीबीवर, एक गिझरवर, आणि दोघांनी एकदम आकडा ओरडायचा.

जोड सगळे चांगले निघाले आणि एमसीबीवरच २०० व्होल्ट असतील तर दुखणं वेगळं. आपल्याकडे घराला २३० व्होल्ट, त्यात थोडं इकडेतिकडे चालतं, पण २०० म्हणजे मर्यादेच्या खाली. २०० ला गिझर बिघडत नाही, मंदावतो. २०० × २०० ÷ २६.४ = १५१५ वॅट. पंधरा लिटर पाणी २० वरून ५० अंशांवर न्यायला २००० वॅटला पावणेसोळा मिनिटं लागतात, १५१५ वॅटला एकवीसच्या आसपास. 'व्होल्टेज कमी झालं की गिझर करंट जास्त ओढतो' हे खरं नाही. कॉइल ही कॉइल आहे, व्होल्टेज घटलं की तिचा करंटही घटतो. जास्त ओढते ती मोटर.

पंपाचं गणित वेगळं का

मोटरवाल्यांची तक्रार वेगळ्या सुरात असते. मार्कंडेय नदीच्या काठच्या शिवारातून एक जण आला, पाच एचपीचा थ्री-फेज पंप, दोनदा वाइंडिंग जळालेलं. तिसऱ्यांदा मोटर टेम्पोत घालून. म्हणाला, "मामा, वाइंडिंग आतून शॉर्ट आहे. मीटर चारच ओहम दाखवतोय. चारशे भागिले चार, शंभर अँपिअर!"

भागाकार बरोबर, जागा चुकीची. फिरणारी मोटर ही नुसती कॉइल नसते. फिरताना ती आतल्या आत उलटं व्होल्टेज तयार करते, त्यामुळे करंट आवरतो. मोटर जाम असेल किंवा नुकतीच सुरू होत असेल तेव्हाच तो नेहमीच्या पाच-सहा पट उसळतो. म्हणून चालू मोटरच्या व्होल्टला अँपिअरने भागून जे येतं तो वाइंडिंगचा रोध नव्हे, आणि वाइंडिंगच्या ओहमवरून चालू करंटही निघत नाही. वॅट काढायचे तर १.७३ × व्होल्ट × अँपिअर × पॉवर फॅक्टर. पाच एचपीला ४०० व्होल्टवर पूर्ण लोडला पावणेआठच्या आसपास अँपिअर लागतात.

मी मोटर उघडली नाही. शेतावर गेलो. टीसीजवळच्या (ट्रान्सफॉर्मरजवळच्या) स्टार्टरपेटीत पंप चालू असताना ३९० व्होल्ट, खाली पंपाजवळ ३६३. करंट ८.५. सत्तावीस व्होल्ट केबलमध्ये गेले होते. केबल ३०० मीटर, ४ चौरस मिलिमीटर ॲल्युमिनियम, तिचा रोध किलोमीटरला ७.४ ओहम. हा आकडा ओळखीचा वाटला असेल. रोधाच्या हिशेबात ४ चं ॲल्युमिनियम म्हणजे २.५ चं तांबं. एका फेजला २.२२ ओहम. ३ × ८.५ × ८.५ × २.२२ = ४८१ वॅट, जवळपास अर्धा किलोवॅट मातीत पुरलेल्या केबलमध्ये. दहा एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना कर्नाटकात वीज फुकट, म्हणून हे नुकसान कुणी मोजत नाही. वाइंडिंग भरायचे पैसे मात्र खिशातूनच जातात.

मोटरला व्होल्टेज कमी पडलं, पाण्याचा भार तोच राहिला, म्हणून तिने करंट वाढवला. ७.७ च्या जागी ८.५. वाइंडिंगमधली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे बावीस टक्के जास्त. हे एवढ्यावर थांबलं असतं तर स्टार्टरमधल्या, करंट जास्त झाला की मोटर बंद करणाऱ्या रिलेने मोटर वाचवली असती. पण पंप वारंवार ट्रिप होतो म्हणून कुणीतरी ओव्हरलोड रिलेची चकती फिरवून १० वर नेऊन ठेवली होती. संध्याकाळी व्होल्टेज आणखी उतरायचं, करंट नऊच्या वर जायचा आणि रिले गप्प बसायचा.

त्या माणसाने कारखान्याचं उसाचं बिल आल्यावर १० चौरस मिलिमीटरची केबल ओढली. आता पंपाजवळ ३८० च्या आसपास मिळतात आणि करंट आठवर आलाय. रिले मी पुन्हा आठवर आणून चकतीवर मार्करने रेघ मारून ठेवली आहे.